सात नंबरच्या रस्त्यासाठी नवं कार्ड

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षं शहर बस चालवत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली साधं कुत्र्याचं पिल्लूही आलं नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. गाडी सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फेरी मारायची, प्रत्येक टायरला हात लावायचा, आरसे पुसायचे आणि मगच पायरीवर पाय ठेवायचा, हा त्यांचा नेम. निवृत्त झाल्यावर बस गेली, नेम राहिला. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. कुठे निघालो की आम्ही दोघी बहिणी खाली रस्त्यावर आणि हे अजून वर कुलपापाशी. मला अशा माणसांचा फार राग येतो. माझं सगळं पटकन असतं. ताई म्हणायची, "ही जन्मली तेव्हा दाई अजून वाटेतच होती."

ताई त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. सात नंबर. शहराच्या एका टोकाच्या पाण्याच्या टाकीपासून दुसऱ्या टोकाच्या कापड गिरणीपर्यंत तेवीस स्टॉप. पहिलं वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले ते फक्त घंटीने. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की निघा. "लग्नाचं विचारायलाही ह्यांनी मलाच घंटी मारायला लावली," असं ताई सांगायची आणि भाऊजी कान लाल करून चहाच्या कपात बघत बसायचे.

पाच वर्षांपूर्वी ताई विसरायला लागली. भाजी घेऊन येताना एक दिवस ती आपल्याच जिन्यात बसून राहिली. कितव्या मजल्यावर जायचं ते तिला कळेना. तेवीस स्टॉपवरचे रोजचे प्रवासी जिला चेहऱ्याने पाठ होते, तिला स्वतःचा मजला सापडेना. मी नर्स. पुढे काय काय होणार हे मला त्या जिन्यातच दिसलं. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

त्याच सुमारास भाच्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, भाऊजींना कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ आणून दिला. टेबलाला घट्ट बसणारं स्टीअरिंग, खाली पेडल, समोर पडद्यावर रस्ता. मी पोट धरून हसले. "जन्मभर चालवली तेवढी पुरली नाही वाटतं?" असं तोंडावर विचारलं. भाऊजी म्हणाले, "सिस्टर, यात पॅसेंजर भांडत नाहीत." अख्खा मोहल्ला मला सिस्टर म्हणतो, त्यात हेही आले.

त्या खेळात आपला रस्ता आपल्याला बांधता येतो. हे त्यांना कळलं आणि त्यांनी सात नंबर बांधायला घेतला. आजचा नव्हे, तीस वर्षांपूर्वीचा. आता त्या रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत, गिरणी पाडून तिथे गाड्या लावतात. भाऊजींना जुना रस्ता हवा होता, कारण ताई दिवसेंदिवस तिकडेच राहायला चालली होती. ती शेजारी खुर्ची घेऊन बसायची आणि सांगायची. इथे घड्याळजीचं दुकान, निळं दार, दारात एक पाय मोडलेलं स्टूल. इथे शिंपिणीची खिडकी. ती बाई कायम दातात सुई धरून बोलायची. इथे भिंतीला शेवग्याचं झाड टेकलेलं. भाऊजी एकेक वस्तू काढायचे, ताई म्हणायची, "अहो, निळा एवढा भडक नव्हे, उन्हाने विटलेला." ते परत रंग बदलायचे. दोन वर्षं हे चाललं. तेविसावा स्टॉप पुरा झाला तेव्हा ताईला घड्याळजी आठवत नव्हता. पण पडद्यावर तो दिसला की ती हात वर करायची.

आता खरी गोष्ट. ज्यांनी असा माणूस सांभाळलाय त्यांना हे सांगायला नको. दिवसभर एक वेळ बरं असतं, पण उतरत्या उन्हाबरोबर या माणसांचा जीव सैरभैर होतो. ताईचं बरोबर पाचला सुरू व्हायचं. "मला ड्यूटीवर जायचंय, सोडा मला." दार ठोकायची, चावायची, आपल्या नवऱ्याला चोर म्हणायची. अशा वेळी भाऊजी सात नंबर सुरू करायचे. ताई शेजारच्या खुर्चीत बसायची, मांडीवर पर्स घ्यायची आणि गप्प व्हायची. गप्प म्हणजे मुकी नव्हे, समाधानी. स्टॉप आला की टेबलावर बोटाने एकदा ठोकायची, भाऊजी थांबवायचे. दोनदा ठोकलं की निघायचे. पन्नास मिनिटांत गिरणी यायची, ताई हुश्श करायची, मग चार घास खायची आणि झोपायची. रोजचं हे औषध. मी तीस वर्षं औषधं दिली, पण इतकं गुणी औषध पाहिलं नाही. त्या खेळाला हसणारी मी, पुढे रोज पावणेपाचला मीच म्हणायचे, "भाऊजी, गाडी काढा."

एका सोमवारी नवव्या स्टॉपवर पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि पडदा काळा झाला. ताई म्हणाली, "गाडी बंद पडली. सगळ्यांनी खाली उतरा." आम्ही हसलो. मंगळवारी चौथ्याच स्टॉपवर पडदा गेला, त्या दिवशी कुणी हसलं नाही. भाऊजींनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारी पाटी, हात लावू नये इतकी तापली होती आणि तिचा पंखा अडकलेला. जुनंच कार्ड ते, आणि भाऊजींनी त्याच्यावर तेवीस स्टॉपचं शहर लादलेलं. पंखा साफ केला, उपयोग झाला नाही. कार्ड मेलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ताई अनवाणी बाहेर पडली. मी भाजी चिरत होते, भाऊजी संडासात होते. तीन मिनिटं. मोठ्या चौकात ट्रक आणि बसच्या मधोमध ती हात आडवा करून उभी होती, गाड्या थांबवत होती. एका टेम्पोवाल्याने तिला धरून फुटपाथवर आणली. तळपायाला काच लागली होती. मी जखम धुतली, पट्टी बांधली, ती सुटली, परत बांधली. माझी पट्टी सुटत नाही, ही माझी ख्याती होती.

भाचा आला. तो वाईट मुलगा नाही. आईला बघून भिंतीकडे तोंड करून रडला, मग डोळे पुसून बापाला म्हणाला, "बाबा, अशा आजारी माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत एक जागा रिकामी झालीय. रविवारपर्यंत ती आपल्यासाठी ठेवतील. तिथे दाराला कुलूप असतं, माणसं असतात. मला हौस नाही. पण उद्या आई गाडीखाली आली तर?"

भाऊजी म्हणाले, "रविवारपर्यंत मी गाडी सुरू करतो."

"आणि नाही झाली तर?"

"नाही झाली तर तू म्हणशील तसं."

म्हणजे एवढंच होतं. रविवारच्या आत कार्ड बसलं तर ताई घरात, नाही तर संस्थेत. मी दोघांमध्ये उभी होते, म्हणून शब्द न् शब्द लक्षात आहे.

गुरुवारी ताईजवळ भाच्याच्या बायकोला, सूनबाईला, बसवून मी आणि भाऊजी दुकानात गेलो. जाण्याआधी या गृहस्थांनी डब्याच्या आत टेप लावून लांबी, रुंदी, जाडी घेतली आणि वहीत लिहिली. मी दारात चपला घालून उभी. म्हटलं, "भाऊजी, कार्ड आणायचंय, सोयरीक नाही जुळवायची." ते म्हणाले, "सिस्टर, बारा मीटरची गाडी नऊ मीटरच्या गल्लीत वळत नाही. आधी गल्ली मोजावी."

दुकान एक बाई चालवत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, कानामागे स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी विचारलं, "कुठला गेम खेळता काका?"

"गेम नाही. बस चालवतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि नीट विचारलं. रस्ता केवढा, घरं किती, त्यावरचे रंग फोटोतले की हाताने काढलेले. भाऊजींनी सांगितलं की हाताने, सगळे, साडेसहाशे घरं. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "मग तुम्हाला वेग कमी चालेल, पण कार्डाची स्वतःची मेमरी जास्त हवी. ही सगळी घरं त्याला एकदम डोक्यात धरायची आहेत." त्यांनी तीन कार्डं काढली. एक स्वस्त, पण मेमरी अर्धी. एक तीन पंख्यांचं, धिप्पाड, भाऊजींच्या डब्यात ते तिरकंसुद्धा गेलं नसतं. नाकापेक्षा मोती जड. तिसरं दोन पंख्यांचं, मेमरी भरपूर. भाऊजींनी त्याची मापं वहीतल्या मापांशी ताडली, दुकानातला एक रिकामा खोका मागितला, कार्डाएवढा पुठ्ठा कापला आणि पिशवीत ठेवला. म्हणाले, "घरी घालून बघतो, मग नेतो." मला वाटलं, आता मी हंबरडा फोडणार. घरी जाऊन पुठ्ठा घालून परत यायला आम्हाला दोन तास लागले. पुठ्ठा बसला, हे कबूल करते. बोटभर जागा उरली.

मग दुसरा तिढा. बाई म्हणाल्या, "हे कार्ड जुन्यापेक्षा जास्त वीज खातं. तुमचा पॉवर सप्लायचा डबा लहान आहे, तोही बदलावा लागेल." भाऊजी तयार होते. नवा पॉवर सप्लाय कापडी पिशवीसकट आला. पिशवीत सगळ्या वायरी सुट्या. बाईंनी एक वायर हातात धरली आणि भाऊजींच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "काका, एक लक्षात ठेवा. जुन्या डब्याच्या वायरी या नव्या डब्याला लावायच्या नाहीत. एकही नाही. तोंड सारखं दिसतं, बसतंही बरोबर, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. कळलं?" भाऊजींनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी शेजारीच उभी होते. मीही ऐकलं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी कॉम्प्युटरचा डबा इकडे आणा, मी बसवून देते." भाऊजींचं मन तयार होईना. तो डबा घराबाहेर न्यायचा म्हणजे रिक्षात आदळणार, कुणाच्या हातात जाणार. "माझा मी बसवतो," ते म्हणाले. मलाही तेच बरं वाटलं. सकाळपर्यंत कोण थांबणार? नाहीतरी ते घरी येऊन टेबल पुसण्यातच अर्धा दिवस घालवणार होते.

शुक्रवारी दुपारी दोनला त्यांनी सुरुवात केली. बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर, चादरीवर स्क्रू ठेवायला अंड्यांचा रिकामा ट्रे, प्रत्येक खळग्यात कागदाची चिठ्ठी. मला खरं सांगायचं तर ते बघून बरं वाटलं. अगदी आमच्या ऑपरेशन थिएटरसारखं. तिथे मी कापसाचा एकेक बोळा मोजायची. मोठमोठे सर्जन ओरडायचे, "सिस्टर, पेशंट टेबलावर आहे, शिवू दे." मी म्हणायची, "मोजणी होईपर्यंत शिवायचं नाही." तीस वर्षांत एकदाही मी मोजणी सोडली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही.

जुनं कार्ड निघायला तयार नव्हतं. ते खाचेत एका छोट्या खिटीने धरलेलं असतं, आणि ती खिटी अशा ठिकाणी की बोट जात नाही. भाऊजींनी चमच्याच्या दांड्याने ती दाबली, श्वास धरला, कार्ड सुटलं. नव्याच्या पंख्यांवरची प्लास्टिकची कातडी सोलली. खाच पुसली. मग दोन्ही हातांनी सरळ दाबलं. टक झालं. मागे दोन स्क्रू. इथपर्यंत सगळं नीट, वेळ साडेतीन.

मग पॉवर सप्लाय. जुना काढला, नवा बसवला, चार स्क्रू. बोर्डाची जाड वायर बदलली. प्रोसेसरची बदलली. कार्डाची नवी लावली. प्रत्येक वायर लावली की वहीत बरोबरची खूण. पावणेपाच झाले आणि आत ताईने सुरू केलं. त्या दिवशी पंधरा मिनिटं आधीच. चार संध्याकाळी तिची गाडी गिरणीपर्यंत पोचली नव्हती.

उरली होती एकच वायर, डिस्कची. त्या डब्यात दोन डिस्क होत्या, एकावर एक. एकीवर सात नंबर, दुसरीवर त्याचीच नक्कल. भाच्याने मागे एकदा सांगितलं होतं, "बाबा, कॉपी ठेवा," तेव्हा यांनी अभिमानाने सांगितलं होतं, "ठेवलीय की, दुसऱ्या डिस्कवर." ती दुसरी डिस्क त्याच डब्यात, त्याच वायरीवर असावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. एवढा जपणारा माणूस, पण बाहेर ठेवलेल्या वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. सगळं एका कुलपात हवं.

आणि ती वायर त्यांनी दोन वर्षांपूर्वी डब्याच्या मागच्या पत्र्याआडून नेलेली, दर दोन बोटांवर प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली. नवी घालायची तर मागचा पत्रा काढा, अकरा पट्ट्या कापा, परत ओवा. अर्धा तास, त्यांच्या हाताने तास. जुन्या वायरीचं मोकळं टोक नव्या पॉवर सप्लायच्या खाचेसमोर लोंबत होतं. मी टॉर्च धरून उभी होते. आत ताई दारावर डोकं आपटायला लागली. धप्प. परत धप्प. सूनबाई ओरडली, "मावशी, मला एकटीला नाही आवरत!"

भाऊजींनी पत्र्याचा स्क्रू हातात घेतला. मी म्हटलं, "हे टोक बसतंय का बघा."

त्यांनी लावून बघितलं. बसलं. अगदी मापात.

"बसलं ना? मग राहू दे."

"त्या बाई म्हणाल्या होत्या..."

"त्या बाईंचं काय जातं? त्या म्हणणारच. वायर ती वायर. दोन वर्षं चालतेय ना? भाऊजी, ताई आत डोकं फोडून घेतेय, आणि तुम्ही पट्ट्या मोजत बसणार आहात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला पुसता येत नाही. चौतीस वर्षं ज्या माणसाने घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवली नाही, त्याने माझं ऐकलं. स्क्रू ट्रेमध्ये परत ठेवला आणि बटण दाबलं.

आवाज फार मोठा नव्हता. काडी मोडावी तेवढा, एकापाठोपाठ दोनदा. मग जळका वास. भाऊजींनी झटकन मागचं बटण बंद केलं. मी म्हटलं, "नवीन आहे, पहिल्यांदा वास येतोच." काय बोलत होते मी! दहा मिनिटांनी त्यांनी डिस्कची वायर काढून परत सुरू केलं. नवं कार्ड छान चालू झालं. दोन्ही पंखे फिरले, पडदा कधी नव्हे इतका स्वच्छ उजळला, आणि त्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहून आलं की डिस्क सापडत नाही.

मग त्यांनी पत्रा काढला. अकराच्या अकरा पट्ट्या कापल्या. नवी वायर ओवली, लावली. तीच अक्षरं. पुन्हा काढली, पुन्हा लावली. ताईला मी आत धरून ठेवली होती, तिची नखं माझ्या दंडात रुतली होती, आणि दाराच्या फटीतून मला भाऊजी दिसत होते. ते डिस्कला कान लावून बसले होते.

शनिवारी आम्ही त्या दुकानदार बाईंकडे गेलो. त्यांनी डिस्क हुंगली आणि डोळे मिटले. "जुनी वायर?" भाऊजींनी मान हलवली.  बाईंनी काउंटर बंद करून स्वतः जळालेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्या एका माणसाकडे आम्हाला नेलं. तो म्हणाला, दोन आठवडे लागतील. आम्ही भाच्याला हात जोडले. त्याने संस्थेत विनवण्या करून दोन आठवडे मिळवले. दोन आठवड्यांनी त्या माणसाने दोन्ही डिस्क कागदात गुंडाळून परत दिल्या. आतपर्यंत जळलं होतं. एकीतही काही उरलं नव्हतं.

त्या दोन आठवड्यांत भाऊजींनी काय काय केलं म्हणता! नवी डिस्क आणली, खेळ पुन्हा भरला. त्यात आयतं एक परदेशी शहर असतं, रुंद रस्ते, लाल कौलं. नव्या कार्डावर ते असं काही लखलखीत दिसायचं की कौलावरचं पाणी दिसावं. ताईला शेजारी बसवलं. तिने पर्स मांडीवर घेतली. दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं. "ही आपली गाडी नाही," ती म्हणाली. उठली आणि दार ठोकायला लागली.

मग त्यांनी सात नंबर परत बांधायला घेतला. मी रोज तिसऱ्या प्रहरी जायची तर हे टेबलाशी. टाकीचा स्टॉप झाला. दुसरा झाला. तिसऱ्यावर हात थांबला. मला विचारलं, "सिस्टर, घड्याळजीच्या दाराचा रंग?" निळा, मी म्हटलं. "कुठला निळा?" मला काय ठाऊक? मी त्या गाडीत किती वेळा बसले असेन? ते ताईजवळ जाऊन बसले. "अगं, घड्याळजीचं दुकान, एक पाय मोडलेलं स्टूल." ताईने त्यांच्या हाताला चिमटा काढला आणि म्हणाली, "चोर."

परत येऊन ते म्हणाले, "मी समोर बघत होतो. चौतीस वर्षं. खड्डा कुठे, वळण कुठे, कुत्रं कुठे आडवं येतं, ते विचारा. बाजूचं सगळं ती बघत होती." पडद्यावर त्यांचा रस्ता पडला होता, प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण बिनचूक. आणि दोन्ही बाजूंना काही नाही. राखाडी रिकामं.

तेव्हा मला कळलं मी काय जाळलं. मला आतापर्यंत वाटत होतं, मेहनत गेली. मेहनत परत करता येते. ताई जे विसरली ते सगळं तिने विसरण्याआधी त्या डब्यात ठेवलं होतं आणि जगात दुसरीकडे ते कुठेही नव्हतं. माझ्या बहिणीचं डोकं होतं ते. मी टॉर्च धरून उभी राहिले आणि म्हटलं, राहू दे.

भाच्याने विचारलं, "बाबा, नेमकं झालं काय?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. भाऊजी माझ्या आधी म्हणाले, "चुकीची वायर लावली मी. मला सांगितलेलं होतं. माझं चुकलं."   थिएटरमध्ये चूक लपवणाऱ्या पोरींना मी रडेपर्यंत झापायची, आणि मी स्वतः पाण्याचा पेला हातात धरून गप्प बसले.

मिळालेले दोन आठवडे संपले, त्या रविवारी ताईला पोचवलं. चार साड्या, दोन स्वेटर, पर्स. संस्था स्वच्छ आहे, मी चादरी उलटून पाहिल्या. मेट्रन शहाणी आहे. तिने मला परिचारिका म्हणून बाजूला घेऊन सांगितलं की अशा पेशंटना पाचच्या आधी गोळी देतात, संध्याकाळ झोपेत जाते. मला ती गोळी माहीत आहे. मी असंख्य लोकांना दिली आहे. ताईने निरोपाला मागे वळून पाहिलं नाही. एका बाईने हात धरला तसा ती तिच्याबरोबर आत गेली, आणि भाऊजी कुलूपबंद दाराच्या काचेशी किती तरी वेळ उभे राहिले. त्यांनी ते दार एकदाच ओढून पाहिलं.

परत येताना बसला गर्दी नव्हती. आम्ही शेजारी बसलो.  मी म्हटलं, "भाऊजी, ती वायर मी लावायला लावली. तुम्ही थांबला होतात. मी घाई केली. सगळ्यांसमोर तुम्ही अंगावर घेतलंत आणि मी घेऊ दिलं. चूक माझी आहे."

ते खिडकीबाहेर बघत होते.  मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या सिस्टर, तुमचा काय दोष. तसं म्हणणारा माणूस आहे तो. उभ्या आयुष्यात त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "गाडी माझ्या हातात होती, म्हणून पोराला मी तसं सांगितलं. ते खरंच आहे. पण तुम्हाला दोष देत नाही असं मला म्हणायचं आहे, आणि ते तोंडातून निघत नाही. रोज सकाळी प्रयत्न करतो. निघालं की सांगेन."

याला आता आठ महिने झाले. दर रविवारी आम्ही दोघं ताईला भेटायला बरोबर जातो. ते माझ्यासाठी खिडकीची जागा धरतात, उतरताना हात देतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. अजून त्यांनी सांगितलेलं नाही.